जर्सी कोणत्या मुल्काची?

दिवाळीनंतर धान कापून झाले, तणसाचे ढीग रचले गेले की एकोडीतल्या रिकाम्या बांध्या पोरांच्या ताब्यात जातात. पूर्वी तिथे फक्त क्रिकेट असायचे. अलीकडे दोन-चार वर्षांत फुटबॉलही दिसू लागला आहे. साकोलीच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त जर्सीवर मेस्सी, रोनाल्डो, यमाल अशी नावे छापलेली असतात आणि बांधीच्या धुऱ्याला लागून चेंडू उडाला की 'थ्रो' कुणाचा यावरून भांडण होते. खेळ मोबाइलवर बघून शिकलेला आहे, त्यामुळे पायापेक्षा तोंड जास्त चालते.

अशाच पोरांपैकी एकाने वर्गात आम्हाला विचारले, "सर, यमाल तो मुसलमान है, उसके अब्बा मोरक्को के. फिर वो स्पेन से कायको खेलता?"

उर्दू शाळेच्या शिक्षकाला अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नांची सवय असते. आम्ही नकाशा काढला, त्याच्या वालिदांचा मोरोक्को दाखवला, वालिदाचा इक्वेटोरियल गिनी दाखवला आणि बार्सिलोनाजवळचे ते गाव दाखवले जिथे पोरगा जन्मला. जिथे वाढला तिथून खेळतो, असे सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "फिर हकिमी? वो तो माद्रिद में पैदा हुआ, मोरक्को से खेलता." नकाशा गुंडाळून ठेवावा लागला. दोघेही एकाच देशात जन्मले, दोघांचेही वालिद मोरोक्कोचे. एकाने स्पेन निवडला, दुसऱ्याने मोरोक्को. जन्मावरून उत्तर निघत नाही, रक्तावरून निघत नाही आणि मजहबावरून तर नाहीच.

आमच्या वाचकांना या प्रश्नाची गोडी वाटावी असे एक कारण आहे. कोणत्या देशाचा पुकारा करता, हे आम्हाला न मागता, न सांगता, गेली कितीतरी वर्षे विचारले जात आहे. फरक इतकाच की फुटबॉलपटूला हा प्रश्न आयुष्यात एकदा विचारतात आणि त्याने अर्ज भरून उत्तर दिले की फाइल बंद होते. कागदावर तरी बंद होते.

आधी कायद्याचे थोडे. फिफाचा जुना नियम कडक होता: मोठ्या संघाकडून एक अधिकृत सामना खेळलात की जन्मभर त्याच देशाचे. २००४ पासून त्यात सवलती येत गेल्या. २०२० च्या बदलानंतर एकवीस वर्षांचा होण्याआधी तीनपेक्षा जास्त अधिकृत सामने न खेळलेला, विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत न उतरलेला खेळाडू तीन वर्षे थांबून दुसऱ्या देशाकडे जाऊ शकतो. मैत्रीपूर्ण सामना तर धरलाच जात नाही. नाते सिद्ध करायला आपला, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म त्या देशातला असावा लागतो, नाहीतर तिथे काही वर्षे राहिलेले असावे लागते. म्हणजे फिफाचा शजरा आजोबांपाशी संपतो.

हे झाले फिफाचे. आपल्या देशाचे वेगळे आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व गेले. परदेशस्थ भारतीयांना 'ओसीआय' कार्ड मिळते. त्यावर येणे-जाणे होते, घर घेता येते, पण जर्सी घालता येत नाही. २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने ठरवले की देशाच्या संघात फक्त भारतीय पासपोर्टधारकच खेळेल. त्याआधी अमेरिकन पासपोर्ट असलेला टेनिसपटू प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळला होता. नंतर ते बंद झाले. इंग्लंडमध्ये वाढलेला, वडिलांकडून भारतीय असलेला मायकेल चोप्रा २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळायला आला. भारताकडून खेळायची भाषाही त्याने केली. पण ब्रिटिश पासपोर्ट सोडणे त्याला जमले नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. पोटापाण्याचा कागद कोण सहजासहजी फेकतो?

एकाने मात्र फेकला आणि तो आमच्याच महाराष्ट्रात राहून. त्याची गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जपानच्या शिमोनोसेकी शहरात १९८२ साली इझुमी अराता जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये गेला आणि २००९ पासून पुणे एफसीचा झाला. चेहरा जपानी, पासपोर्ट जपानी. म्हणून क्लबच्या यादीत तो 'परदेशी खेळाडू'. बालेवाडीच्या मैदानावर त्याला बघणाऱ्यांपैकी कितीजणांना त्याचे वडील इथले आहेत हे ठाऊक असेल?

जपानही आपल्यासारखाच आहे, दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. त्यामुळे भारताकडून खेळायचे तर अराताला जपान सोडावा लागणार होता. नुसता अर्ज करूनही भागणार नव्हते. इथे वर्षानुवर्षे राहिल्याचा हिशेब द्यायचा होता. कागदपत्रे फिरली, वर्षे गेली, अखेर २०१२ मध्ये तो भारतीय नागरिक झाला. वडिलांच्या कुळाचे त्याचे नाव नीलकंठ खंभोळजा. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत त्याने भारताची जर्सी घातली. समोर पॅलेस्टाईनचा संघ होता. योगायोग बघा, पॅलेस्टाईन म्हणजे असा संघ की ज्याला दूर चिलीत जन्मलेल्या आपल्या नातवंडांतून खेळाडू गोळा करावे लागले आहेत. भारत तो सामना ४-२ असा हरला.

तेव्हा अराता तिशी ओलांडून गेलेला होता. फुटबॉलमध्ये हे उताराचे वय. त्याच्या वाट्याला आलेले आंतरराष्ट्रीय सामने हातांच्या बोटांवर मोजता येतील. एवढ्यासाठी त्याने जन्माचा देश सोडला का, असे कुणी विचारेल. हिशेब मांडला तर तोट्याचाच व्यवहार दिसतो. पण आम्हाला वाटते, २००६ साली कोलकात्याला उतरलेला मुलगा देशप्रेमाने आलेला नसेल, रोजगारासाठी आला असेल. मग क्लब, मित्र, भाडेकरार, रोजचा सराव असे करत करत सहा-सात वर्षे गेली आणि एक दिवस 'परदेशी' हा शब्द त्याला खोटा वाटू लागला असेल. हा आमचा कयास. त्याने तसे म्हटल्याचा आमचा दावा नाही.

कयास करायचे धाडस आम्ही करतो, कारण आमच्या घरात एक उदाहरण आहे.

आमचे दादाजान आणि त्यांचे धाकटे भाऊ. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. फाळणीनंतर दोन-तीन वर्षे नातेवाइकांत जाण्या-न जाण्याच्या गोष्टी चालत. धाकटे भाऊ नागपूरच्या कुणा दोस्ताबरोबर कराचीला गेले. दादाजान गेले नाहीत. आम्ही लहानपणी, शाळेतल्या भाषणांच्या नशेत, त्यांना विचारायचो की तुम्ही का नाही गेलात? आम्हाला अपेक्षा असायची की ते मौलाना आझादांचे नाव घेतील, वतनाच्या मातीबद्दल काही बोलतील. दादाजान विडी विझवून म्हणायचे, "धान काटने का था."

बस्स, एवढेच. बांधीत धान उभे होते, कापायला माणसे मिळत नव्हती, म्हणून ते थांबले. पुढच्या वर्षी रोवणी होती. त्याच्या पुढच्या वर्षी आमचे अब्बा जन्मले. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. दादाजान जागचे हलले नाहीत. सरकारे त्यांच्यावरून पुढे गेली. सातबारा मात्र त्यांच्याच नावावर राहिला.

हे उत्तर आम्हाला फार दिवस लाजिरवाणे वाटत असे. भाषणात सांगण्यासारखे ते नव्हते. आता वाटते, याहून पक्के उत्तर असू शकत नाही. ज्याला जायचेच असते तो उभे पीक सोडून जातो. मुल्क निवडणारी माणसे मोठमोठी कारणे सांगतात ती बहुधा नंतर सुचलेली असतात. निवडीच्या वेळी धान असते, आजारी आई असते, प्रशिक्षकाचा आधी आलेला फोन असतो. प्रेम मागाहून, राहून राहून होते. म्हणून ते कमी खरे होत नाही.

याला अपवाद नाहीत असे नाही. अल्जीरियातल्या सेतिफचा रशीद मखलूफी फ्रान्सच्या सेंत-एतियेन क्लबचा तारा होता आणि १९५८ च्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संभाव्य खेळाडूंत त्याचे नाव होते. वय एकवीस, त्यात फ्रेंच सैन्यातली सक्तीची नोकरी चालू. एप्रिल १९५८ मध्ये तो आणि त्याचे काही अल्जीरियन साथी गुपचूप सीमा ओलांडून ट्युनिसला पोचले आणि स्वातंत्र्यलढ्याच्या संघाकडून खेळू लागले. फिफाने त्या संघाला मान्यता दिली नाही. विश्वचषक गेला, पगार गेला, वर नोकरीतून पळाल्याचा गुन्हा. ही निवड धानासाठी थांबणाऱ्याची नव्हती. पण गोष्टीचा उत्तरार्ध आम्हाला अधिक आवडतो. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर मखलूफी सेंत-एतियेनला परतला आणि १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात संघाचे दोन्ही गोल त्यानेच केले. चषक त्याला द गॉल यांच्या हातून मिळाला. ज्या देशाविरुद्ध तो उभा राहिला त्या देशाच्या लोकांनीही त्याला टाकले नाही.

जर्मनीत मात्र उलटे घडले. मेसुत ओझील गेल्सेनकिर्खेनचा, तुर्की कुटुंबातला. त्याच शहरात जन्मलेला हमित अल्तिंतोप तुर्कस्तानकडून खेळला. ओझीलने जर्मनी निवडला, तुर्की पासपोर्ट सोडला. २०१० मध्ये बर्लिनला जर्मनी-तुर्कस्तान सामना झाला तेव्हा तुर्की प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २०१४ मध्ये तो जर्मनीचा विश्वविजेता झाला. २०१८ मध्ये एर्दोआन यांच्यासोबतच्या एका छायाचित्रावरून गदारोळ उठला, विश्वचषकात जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली आणि त्या जुलैत ओझीलने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की उपरा, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. ते छायाचित्र शहाणपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या एका छायाचित्रापुढे नऊ वर्षांचा खेळ हलका ठरावा, हे आमच्या ओळखीचे वाटते.

ओळखीचे का, तेही सांगतो. ३० मार्च २०११, मोहाली, भारत-पाकिस्तान उपांत्य सामना. आम्ही शिक्षणासाठी एका वसतिगृहात राहत होतो. टीव्हीच्या खोलीत पाऊल टाकले तर एक दोस्त, अगदी हसत, म्हणाला, "या, आज तुमचा सामना आहे." त्याच्या मनात विष नव्हते, हेच वाईट. त्या दिवशी भारताच्या पाच गोलंदाजांनी दोन-दोन बळी घेतले. त्यांत आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान होता, गुजरातच्या इखरचा मुनाफ पटेल होता. सामना जिंकल्यावर त्याच दोस्ताने आम्हाला मिठी मारली. आम्हीही नाचलो. पण ओरडताना आपला आवाज इतरांपेक्षा थोडा मोठा लागतो आहे ना, असे तपासणारा एक माणूस आमच्या आत बसला तो अजून उठलेला नाही. हरल्याचे दुःख इतरांना फुकट मिळते. आम्हाला त्याचा पुरावा ठेवावा लागतो.

(आमच्या लिहिण्याबाबतही असेच होते. उर्दूवाले विचारतात, मराठीत का लिहिता? मराठीवाले विचारतात, अरे वा, मराठीत लिहिता? दोघांनाही आम्ही सांगतो की आम्ही उर्दूत 'हम' म्हणतो आणि मराठीत 'आम्ही'. दोन्हींत एकटा माणूस मावतो.)

पुन्हा खेळाकडे येऊ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल जन्मला गोव्यातल्या आसगावात, खेळला मुंबईच्या टाटा संघाकडून. ज्या दिवशी त्याने भारताला जिंकून दिले त्या दिवशी त्याचे गाव पोर्तुगालच्या अमलाखाली होते. संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, व्यवसायाने शाळामास्तर, म्हणून आम्हाला जरा जास्तच जवळचे. एक पोर्तुगीज गोव्यातून आलेला, दुसरा कालपर्यंत निजामाच्या रियासतीत राहिलेला. दोघांनी मिळून भारताला ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर नेले. आज गोव्यात हेच प्रकरण उलट फिरले आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्यावर युरोपात नोकरी मिळते. ज्याने ते घेतले त्याचा भारतीय पासपोर्ट गेला आणि पायात कितीही कसब असले तरी भारताची जर्सीही गेली. चेंडू आसगावच्या मैदानावर असला तरी मालक कायदा आहे.

शेजाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. पाकिस्तानने कंबोडियाला १-० असे हरवून विश्वचषक पात्रतेतला आपला पहिला विजय मिळवला ऑक्टोबर २०२३ मध्ये. गोल लंडनमध्ये जन्मलेल्या हारून हमीदचा. बांगलादेशाने लेस्टरकडून एफए चषक जिंकलेल्या हमझा चौधरीला आईच्या नात्याने बोलावले. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला तो भारताविरुद्ध पहिल्यांदा उतरला, सामना बरोबरीत सुटला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० हरवले. मग आपल्याकडेही जाग आली. मुंबईत जन्मलेल्या अँग्लो-इंडियन आईचा मुलगा, पर्थचा रायन विल्यम्स, बंगळुरूकडून २०२३ पासून खेळत होता. त्याचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष चषक खेळले होते. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, तेवढ्याने तो बांधला गेला नव्हता. २०२५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारतीय घेतला. ढाक्याच्या सामन्याआधी तो संघासोबत होता, पण कागद पूर्ण न झाल्याने खेळू शकला नाही. त्याला बोलावणारे प्रशिक्षक खालिद जमील यांचा स्वतःचा जन्म कुवेतचा.

काही जाणकार म्हणतात, बाहेरून आणलेल्यांनी संघ मजबूत होत नाही, गावागावांत मैदाने करा. मैदाने कराच, आमच्या पोरांच्या बांध्या पावसाळ्यात धानाखाली जातात. पण मैदानांचे कारण पुढे करून आजोबांचा मुल्क शोधत आलेल्याला दारात उभे ठेवणे आम्हाला पटत नाही. दोन पासपोर्ट चालू द्यावेत की नाही हा सरकारचा विषय. सुरक्षेची, करांची, मतदानाची भानगड त्यात आहे हे आम्हाला कळते. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. एकदा त्याने कागद बदलला की पुन्हा विचारू नका. चुकीचा पास दिला तर चुकीचा पास म्हणा.

दादाजानचे धाकटे भाऊ कराचीत वारले. त्यांचा मुलगा १९७५ च्या सुमारास इंग्लंडला ब्रॅडफर्डला गेला. त्याच्या नातवाला फुटबॉलचे वेड आहे. ईदला व्हॉट्सअॅपवर बोलणे होते तेव्हा पोराचे वालिद विनोदाने म्हणतात, मोठा झाला की इंग्लंड बोलावेल, नाहीतर पाकिस्तान आहेच. एकोडीवाले बोलावतील का? आम्ही शिक्षक असल्याने विनोदालाही नियम लावून बघतो. आजोबा कराचीत जन्मले, म्हणजे पाकिस्तानचा हक्क पक्का. पणजोबा एकोडीत जन्मले, पण फिफा तिथवर जात नाही. ब्रिटिश पासपोर्ट सोडतो म्हटले तरी सोपे नाही. ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी पाकिस्तानचे नागरिक होते त्याला आपल्याकडे साधे ओसीआय कार्डही मिळत नाही. धान कापायला एक भाऊ थांबला आणि एक गेला, त्याचा हिशेब चौथ्या पिढीतल्या पोराच्या पायापर्यंत पोचला आहे.

हे सगळे आम्ही त्यांना फोनवर समजावून सांगितले. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, पोरगा सध्या क्लबच्या सोळा वर्षांखालच्या संघात राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, गेल्या महिन्यात दहा मिनिटे खेळवला, कोणत्याच मुल्काचा अजून फोन आलेला नाही.